चेहरा समोर असताना

विटकरी रंगाची शाल. तिला जागोजागी पडलेली भोकं आणि त्या भोकांतून डोकावणारं आतलं हिरवं कापड. मागची पार्श्वभूमीही हिरवटच. आणि या सगळ्याच्या मधोमध, थेट आपल्यावर रोखलेले दोन हिरवे डोळे. स्टीव्ह मॅकरी यांनी डिसेंबर १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत टिपलेलं हे छायाचित्र 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जून १९८५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर आलं आणि पाहता पाहता जगभर पोचलं. त्या अफगाण मुलीचं शरबत गुला हे नाव जगाला कळायला मात्र २००२ साल उजाडावं लागलं.

या छायाचित्राबद्दल बोलताना जो तो डोळ्यांबद्दल बोलतो. मला आधी शालीबद्दल बोलावंसं वाटतं, कारण डोळ्यांची ताकद शालीनं राखून ठेवली आहे. लाल आणि हिरवा हे एकमेकांचे विरोधी रंग. शेजारी आले की दोघेही उजळतात. इथं शालीचा लाल झळाळता नाही. तो मळलेला, विटलेला, मातीकडे झुकणारा आहे. म्हणूनच तो हिरव्याला वर येऊ देतो. आणि हिरवा तीन ठिकाणी आहे: पार्श्वभूमीत मंद, शालीच्या भोकांत तुकड्यातुकड्यानं आणि डोळ्यांत एकवटलेला. नजर भोकांवरून सरकत वर जाते ती बुबुळांवर जाऊन थांबते. फाटकी शाल तिच्या परिस्थितीची साक्ष देते, तशीच ती चित्राची रंगसंगतीही सांधते. गालावरचे, नाकावरचे मळाचे पुसट डाग तसेच आहेत. तंबूत भरलेल्या शाळेतला उजेड मऊ आहे, त्यामुळे चेहऱ्यावर कुठंही कडक सावली नाही. १०५ मिलिमीटरच्या लेन्सनं नाक-गाल आपापल्या प्रमाणात ठेवले आहेत आणि मागचा सगळा तपशील पुसून टाकला आहे.

आता प्रश्न असा, की हा लाल आणि हे हिरवे रंग ठरवले कोणी? शाल तिची होती, डोळे तिचे होते. पण कागदावर आलेला रंग जसा तिचा आहे, तसा कोडॅक्रोम ६४ या फिल्मचाही आहे. कॅमेऱ्यात तो रोल भरला गेला त्याच क्षणी चित्राचा रंगस्वभाव पक्का झाला होता.

कोडॅक्रोम १९३५ साली बाजारात आली. ती शोधणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही मुळात संगीतकार, एक पियानोवादक आणि दुसरा व्हायोलिनवादक. त्यांच्या फिल्मची गंमत अशी, की तिच्यात रंग नसतच. तिच्यात कृष्णधवल फिल्मचे तीन थर असत आणि रंग चढत ते डेव्हलप करताना. ही रासायनिक प्रक्रिया इतकी किचकट, की घरच्या डार्करूममध्ये ती करता येत नसे. रोल प्रयोगशाळेतच पाठवावा लागे. परत यायची ती स्लाइड. निगेटिव्ह नाही, थेट अंतिम चित्र. रंगाचा कल, कॉन्ट्रास्ट, सावल्यांचा गडदपणा हे सगळं फिल्मनं ठरवलेलं. छायाचित्रकाराच्या हाती राहायचं ते एक्स्पोजर, आणि त्यातही चूक पोटात घालण्याची स्लाइडची तयारी फारच कमी. जरा उजेड जास्त झाला की कपाळ पांढरं पडलं. थोडा कमी झाला तर रंग अधिक भरीव, आणखी कमी झाला तर सगळं काळं. जाणकार मंडळी मुद्दाम किंचित कमी एक्स्पोजर देत ते याच भरीवपणासाठी.

अंकात छापताना छपाईखान्यात रंगांवर थोडंफार काम होतच असे. तरी निर्णयाचा मुख्य क्षण एकच होता: समोर माणूस आहे, त्याच्यावर उजेड आहे आणि आपल्याला ही विशिष्ट फिल्म काय दाखवील ते ठाऊक आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर हे कॅमेऱ्यातच सेटिंग पक्कं करून घेतलेलं जेपेग होय.

आता दुसरं टोक पाहू. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या मुक्कामावर डोरोथिया लँग यांनी एका आईचं छायाचित्र घेतलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन तिचं नाव. दोन मुलांनी तिच्या खांद्यांवर तोंडं लपवलेली, मांडीवर तान्हं बाळ, तिचा हात हनुवटीला टेकलेला आणि नजर चौकटीबाहेर लांब कुठंतरी. 'मायग्रंट मदर' या नावानं ते ओळखलं जातं. निगेटिव्ह कृष्णधवल. त्यात रंगाचा निर्णय नव्हता, पण करड्याच्या असंख्य छटांचा होता, आणि तो डार्करूममध्ये पुन्हा पुन्हा नव्यानं घेता येत होता. चेहऱ्यावर किती उजेड ठेवायचा, कपड्यांच्या घड्या किती गडद करायच्या, सुरकुत्या किती उठवायच्या, हे प्रिंट करणारा एनलार्जरखाली हात हलवून ठरवतो. उजेड अडवला की तेवढा भाग फिका होतो, जास्त सोडला की गडद. या चित्रात त्याहूनही एक मोठा निर्णय नंतर झाला. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. लँग यांनी १९३९ मध्ये तो निगेटिव्हवरूनच रिटच करून घालवला. ज्या सरकारी प्रकल्पासाठी हे काम झालं होतं त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ते रुचलं नाही. नीट निरखून पाहिलं तर त्या अंगठ्याची पुसट खूण आजही दिसते.

तो अंगठा जायला हवा होता का? रचनेच्या दृष्टीनं लँग यांचं म्हणणं पटतं. तो अंगठा नजर अडवतो. तरी तो कोणाच्या तरी हाताचा होता, त्या क्षणी तिथं होता. नंतर, निवांत, माणूस समोर नसताना घेतलेल्या निर्णयांची ताकद आणि धोका या एका अंगठ्यात एकत्र सापडतात.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे मूळचे पियानोचे विद्यार्थी. निगेटिव्हला ते संगीतकाराच्या स्वरलिपीची उपमा देत आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची. आपल्याकडे हे समजायला मुळीच अवघड नाही. बंदिश कागदावर दोन ओळींची असते. ती मांडणारा गवई दर मैफलीत तिला वेगळी उलगडतो आणि तरी ती तीच बंदिश राहते. डिजिटल कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या रॉ फाइलवर काम करण्याचा आनंद याच जातीचा आहे.

फिल्मच्या काळात या दोन वाटा वेगळ्या होत्या. स्लाइडवाला एका वाटेनं जायचा, निगेटिव्हवाला दुसऱ्या. डिजिटल कॅमेऱ्यानं दोन्ही वाटा एकाच यंत्रात आणून ठेवल्या, आणि म्हणूनच पोर्ट्रेट काढणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न रोज उभा राहतो: कॅमेऱ्यातलं सेटिंग निवडून तिथंच काम संपवायचं, की रॉ घेऊन घरी जायचं?

त्यासाठी आत काय चालतं ते थोडक्यात पाहायला हवं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ब्राइस बायर यांच्या नावानं ओळखली जाणारी रंगगाळणी असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो, आणि हिरवे पिक्सेल इतर प्रत्येक रंगाच्या दुप्पट असतात. रॉ फाइल म्हणजे या मोजणीचे आकडे. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या मिळतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. जेपेग करताना कॅमेरा उजेडाच्या रंगानुसार व्हाइट बॅलन्स लावतो, कॉन्ट्रास्टची वक्ररेषा लावतो, रंग वळवतो, धार आणतो आणि उरलेलं टाकून देतो. रॉमध्ये सहसा काहीच टाकलेलं नसतं. गालाच्या सावलीतले तपशील, कपाळावरच्या चमकेतला रंग, सगळं तिथं असतं. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो दुपारच्या उन्हातल्यासारखा दिसणार नाही, पण त्वचेवर चढलेली हिरवट झाक रॉमधून सहज उतरवता येते. जेपेगमध्ये तीच झाक ओढून काढायला गेलं की त्वचेवर रंगांचे पट्टे दिसू लागतात.

एवढं ऐकलं की रॉच श्रेष्ठ असं वाटेल. पण एक गोष्ट पुष्कळदा निसटते: रॉला स्वतःचं रूप नसतं. ते आकडे डोळ्यांना दाखवायचे तर कोणीतरी त्यांचा अर्थ लावावाच लागतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण जे पाहतो ते रॉ नसतंच. आपण निवडलेल्या सेटिंगनुसार केलेलं जेपेग असतं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख, त्याचाच आणि हायलाइट जळल्याची लुकलुकही त्याचीच. कॉन्ट्रास्ट चढवलेल्या सेटिंगमध्ये कपाळ जळाल्याचा इशारा मिळतो, प्रत्यक्षात रॉमध्ये तिथं बराच तपशील शिल्लक असतो. इशाऱ्याला घाबरून एक्स्पोजर कमी केलं की सावळ्या त्वचेच्या सावल्यांत नाहक दाणेदार गोंगाट (नॉइज) येतो, आणि तो नंतर काढता काढता त्वचेचा पोत जातो. म्हणून केवळ रॉच घेणाऱ्यानंही आधी सेटिंग विचारपूर्वक निवडायला हवं. सेटिंग हा त्या क्षणी आपल्या डोळ्यांवर चढवलेला चष्मा असतो, आणि एक्स्पोजर, उजेडाची दिशा, माणसाला कुठं बसवायचं हे सगळे निर्णय त्या चष्म्यातूनच होतात.

हे चष्मेही एकसारखे नाहीत. कॅननच्या पिक्चर स्टाइलमधलं 'पोर्ट्रेट' त्वचेला गुलाबीकडे नेतं आणि धार थोडी सौम्य करतं. निकॉनच्या पिक्चर कंट्रोलमध्ये 'पोर्ट्रेट' आहे, 'न्यूट्रल' आहे आणि पुढे आलेलं 'फ्लॅट'ही आहे; फ्लॅट हे नंतर काम करायचं म्हणून सगळं राखून ठेवणारं. सोनीच्या क्रिएटिव्ह लुकमध्ये माणसांसाठी वेगळा लुक आहे. फुजीफिल्मनं तर आपल्या जुन्या फिल्मांची नावंच मेन्यूत आणली. चेहऱ्यासाठी त्यांतलं कोणतं काय करतं हे पाहण्यासारखं आहे. 'वेल्व्हिया' डोंगरदऱ्यांसाठी, चेहऱ्यावर ती लावली तर गाल तापल्यासारखे लाल होतात. 'अ‍ॅस्टिया' कपड्यांचे रंग भरदार ठेवते आणि त्वचेवर मात्र हळुवार हात फिरवते. लग्नकार्यात पैठणी आणि चेहरा दोन्ही सांभाळायचे असतील तर ती कामाची. 'प्रो नेग स्टँडर्ड' रंगाला आवर घालते, सावल्यांत हळूहळू उतरते. खिडकीच्या उजेडात बसलेल्या माणसासाठी मला तिच्याइतकी विश्वासाची दुसरी वाटत नाही. २०१४ मध्ये आलेली 'क्लासिक क्रोम' रंग कमी करते, सावल्या कडक करते. ती चेहऱ्याला बातमीतल्या माणसाची गंभीरता देते, पण सावळ्या चेहऱ्याची ऊब घटवते.

यांतलं कोणतंही सेटिंग तटस्थ नाही, आणि तेच त्यांचं सौंदर्य आहे. प्रत्येकामागे कोणाची तरी अभिरुची आहे: त्वचा किती गुलाबी असावी, सावली कुठं संपावी, लाल किती बोलावा याबद्दलचं ठाम मत. ते मत आपलंसं वाटलं तर घ्यावं. पण ते मत आहे, हे विसरू नये.

मेन्यूतली नावं चेहऱ्यावर काय करतात ते कळण्यासाठी एकच चेहरा जवळून पाहू. साताऱ्याजवळच्या एका गावात, ओसरीवर बसलेल्या एका आजींचं पोर्ट्रेट काढायचं होतं. सावळा, उन्हानं रापलेला चेहरा. कपाळावर मेणावर लावलेलं कुंकू, कडेला किंचित विस्कटलेलं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, निळसर हिरवे, वयाबरोबर त्वचेत विरत गेलेले. अंगावर काठापदराचं इरकल. अंगणातल्या कडुनिंबातून गाळून येणारा उजेड.

'व्हिव्हिड'वर पहिला फोटो घेतला. इरकलचा काठ झळकला, पण कुंकू सपाट झालं. एकूण हिस्टोग्राम निर्दोष होता. लाल रंगाचा वेगळा आलेख पाहिला तेव्हा तो उजव्या भिंतीला जाऊन आदळलेला. कुंकवाचे कण, त्याची विस्कटलेली कड, सगळं एका लाल ठिपक्यात बुडालं होतं. 'पोर्ट्रेट'वर गेलो तर कुंकू परत आलं, चेहरा गुलाबी झाला आणि गोंदण जवळजवळ पुसलं गेलं. त्वचा मऊ करणाऱ्या हातानं गोंदणालाही डागच मानलं होतं. 'न्यूट्रल'वर आलो, कॉन्ट्रास्ट आणखी एक पायरी उतरवला, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून सावलीवर ठेवला. आता कुंकवाला कण होते, गोंदणाला निळाई होती, सुरकुत्यांत सावली होती पण काळोख नव्हता.

आजींना तिन्ही फोटो पडद्यावर दाखवले. पोर्ट्रेटवाल्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "ही कोण रं? मी येवढी गोरी कवा झाली?" न्यूट्रलवाल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मी." मग गोंदण कोणत्या जत्रेत काढून घेतलं ते सांगू लागल्या, आणि ते सांगताना चेहऱ्यावर जे आलं त्याचाच खरा फोटो पुढे मिळाला.

कॅमेऱ्यातल्या सेटिंगचं सगळ्यांत मोठं देणं मला इथं दिसतं. ते चित्र तिथल्या तिथं तयार होतं, म्हणून ज्याचं आहे त्याला पाहता येतं. त्याला त्यावर बोलता येतं, नापसंती सांगता येते. शरबत गुलाला तिचं छायाचित्र पहिल्यांदा पाहायला मिळालं ते सतरा वर्षांनी. त्या दिवशी अनोळखी माणसानं फोटो काढला याचा राग आपल्याला अजून आठवतो, असंही तिनं तेव्हा सांगितलं. चित्राच्या सौंदर्याबद्दल बोलताना हेही बोललं पाहिजे. आज पडदा हातात असताना समोरच्याला त्याचं रूप न दाखवण्याला काहीही सबब उरलेली नाही.

मग रॉचं काय? आजींची रॉ फाइलही होतीच, आणि तिनं जे दिलं ते कोणत्याही सेटिंगला देता आलं नसतं. कडुनिंबाच्या पानांचा हिरवा उजेड डाव्या गालावर उतरला होता. व्हाइट बॅलन्स सगळ्या चित्राला एकदम लागतो. एका गालापुरता तो कॅमेऱ्यात लावता येत नाही. रॉमध्ये तेवढ्या भागावर मास्क घालून हिरवी झाक निम्म्यानं उतरवली. पूर्ण उतरवली नाही, कारण ती झाक त्या झाडाची होती आणि आजी त्याच झाडाच्या सावलीत बसतात. पांढऱ्या केसांतली उजळ जागा ओढून खाली आणली, तेव्हा एकेक केस सुटा झाला. डोळ्यांच्या खोबणीतली सावली थोडी उचलली. बास. ज्या रूपाला आजींनी "ही मी" म्हटलं होतं त्याच्याच जवळ राहून ते नेमकं केलं.

पण रॉच्या हातात याहून कितीतरी अधिक आहे, आणि तिथंच जपायला हवं. व्हिडिओवाले व्हेक्टरस्कोप नावाचा आलेख वापरतात. त्यावर लाल आणि पिवळ्याच्या मधून जाणारी एक रेषा असते, त्वचेच्या रंगाची. गोरा, सावळा, काळा, कोणताही माणूस असो, बहुतेकांची त्वचा याच रेषेच्या आसपास येते. फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गाढपणाचा. म्हणूनच संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नारिंगी रंगाचा उजळपणा ठरवणारा एक स्लायडर उजवीकडे सरकवला, की बाकी चित्राला फारसा धक्का न लागता माणूस गोरा होतो. आपल्याकडच्या लग्नाच्या अल्बममध्ये हा स्लायडर किती सरकतो हे पाहायचं असेल तर नवरीचा चेहरा आणि तिचे हात शेजारी शेजारी पाहावेत. हळदीच्या फोटोंत तर ऑटो व्हाइट बॅलन्स हळदीचा पिवळा रंग दिव्याचा समजून तिच्यावर निळा ओततो आणि मग उरलेलं काम स्लायडर करतो. हळद जाते, सावळेपण जातं, ज्यासाठी तो समारंभ झाला त्याची खूण राहत नाही.

हा आजार एकट्या आपला नाही आणि डिजिटलच्या काळातलाही नाही. कोडॅक आपल्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुनाचित्र पाठवत असे. त्यावर गोरी तरुणी असायची; शर्ली या तिथल्याच एका कर्मचारी महिलेच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की रंग बरोबर. गडद त्वचेचे बारकावे फिल्मवर येत नाहीत, ही तक्रार कंपनीनं मनावर घेतली ती मुख्यतः चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आपल्या मालाचे तपकिरी रंग नीट येत नाहीत म्हणून ओरड केल्यावर, असं या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. गुगलनं समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्या मदतीनं २०२२ मध्ये त्वचेच्या १० छटांची श्रेणी जाहीर केली, ती याच उणिवेवरचा उपाय म्हणून. म्हणजे सेटिंगमध्ये बसलेली अभिरुची कोणाच्या त्वचेवर घडली हा प्रश्न खराच आहे. ती आपल्या त्वचेला न्याय देत नसेल तेव्हा रॉ हा मोठा आधार आहे. तोच रॉ आपल्याच मनातल्या गोरेपणाच्या हौसेला अमर्याद मोकळीकही देतो. सावळ्याला सावळंच ठेवून त्यातला उजेड दाखवणं, सावलीतला तांबूसपणा आणि गालाच्या हाडावरची चमक जपणं, यात संपादकाची खरी कसोटी आहे.

वृत्तछायाचित्रणाच्या जगानं या दुहेरीपणाला दोन उलट उत्तरं दिली. रॉयटर्सनं नोव्हेंबर २०१५ मध्ये आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना सांगितलं, की रॉवर काम करून केलेली चित्रं पाठवू नका. कॅमेऱ्यानंच केलेलं जेपेग पाठवा. वेग हवा आणि सचोटीही हवी, ही त्यांची कारणं. उलट 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत पोचलेल्यांकडून मूळ फाइल मागितली जाते, म्हणजे चित्रात काय बदललं ते तपासता येतं. एकाला रॉ हा मोह वाटतो, दुसऱ्याला तोच पुरावा वाटतो. दोघांचंही बरोबर आहे.

मॅकरींच्याच वाटचालीत निर्णयाची ही दोन्ही टोकं दिसतात. कोडॅकनं २००९ मध्ये कोडॅक्रोम बंद केली तेव्हा शेवटी तयार झालेला रोल त्यांना मिळाला. छत्तीस चित्रांचा तो रोल घेऊन ते भारतातही आले. मुंबईत अमिताभ बच्चन आणि आमिर खान, राजस्थानात रबारी समाजातली माणसं त्यांनी त्यावर टिपली. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेत २०१० साली तो रोल धुतला गेला. छत्तीसच संधी, प्रत्येक चेहऱ्यापुढे एकदाच काय तो निर्णय. पुढे २०१६ मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात त्यांच्या क्युबातल्या एका चित्रात संगणकावर केलेला फेरफार उघड दिसला आणि मोठा वाद झाला. ज्या हातानं काहीच बदलता न येणाऱ्या फिल्मवर अनेक वर्षं काम केलं, त्या हातालाही सगळं बदलता येण्याची सोय जड गेली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

तर मग निवड कोणती? माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही घ्यावं, पण क्रम चुकवू नये. कॅमेरा जेपेग आणि रॉ दोन्ही एकदम साठवतो. ती सोय वापरावी. फोटो काढण्याआधी सेटिंग त्या माणसासाठी, त्या उजेडासाठी निवडावं: रंग किती बोलायला हवेत, सावली किती खोल हवी, धार कुठवर हवी. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नये. लाल रंगाचा आलेख वेगळा पाहावा. जेपेग असं घ्यावं, की रॉ नसता तरी तेच कोणाला अभिमानानं देता आलं असतं. ते समोरच्याला दाखवावं. मग रॉ उघडावा तो शक्यतो त्याच दिवशी, चेहरा डोळ्यांपुढे ताजा असताना, आणि ते जेपेग पडद्यावर शेजारी ठेवून. सेटिंगला जे जमलं नाही तेवढं रॉनं करावं: एका गालावरची झाक, जळू पाहणारं कपाळ, बुडालेले डोळे. जो माणूस पाहिला त्याच्याहून वेगळा माणूस त्यात घडवायला जाऊ नये.

'रॉ आहे, नंतर बघू' या सवयीचं मोठं नुकसान हे आहे, की तिथं उभं असताना आपण पाहणंच थांबवतो. उजेड चुकीच्या बाजूनं येतोय, माणूस अवघडलाय, कुंकवाचा रंग हरवतोय, हे त्याच वेळी कळलं तर खुर्ची वीतभर सरकवून सुटतं; नंतर तासभर बसूनही सुटत नाही. पोर्ट्रेटमधला रस सेन्सरच्या बिटांत साठत नाही. तो दोन माणसं एकमेकांना पाहत असताना तयार होतो, आणि सेटिंगची निवड हा त्या पाहण्याचाच भाग आहे. रॉनं तो रस जपावा, गाळून अधिक निर्मळ करावा. जो मुळात पाहिलाच नाही तो रस आणण्याची शक्ती कोणत्याही स्लायडरमध्ये नाही.